आडवी गिटार आणि तिसरं नाव

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज एकदाचा लिहून काढतोय. विषय गिटारचा आहे. 'तू आणि गिटार?' असं इथले ब्लॉगवाले मित्र विचारतील, आणि 'आपल्या हसनाबादचा न् गिटारचा काय संबंध?' असं घरचे विचारतील. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर देता देता पहिल्याचंही मिळेल असं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी गावाबद्दल. हसनाबाद हे जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं गाव. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मग १९५६ मध्ये मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात. गाव जागचं हललं नाही, पत्ता मात्र बदलत राहिला :-) आमच्या लहानपणी गावातली वाद्यं म्हणजे भजनी मंडळाचे टाळ, पखवाज आणि पेटी, लग्नातला बँड, आणि पोळ्याला वाजणारी हलगी. गिटार कुणाच्या हातात पाहिल्याचं मला आठवत नाही. सिनेमाच्या पोस्टरवरच्या हीरोच्या हातात असायची तेवढीच.

आणि तरीही गिटारचा आवाज आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो यायचा रेडिओवरून. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं खेड्यापाड्यातला दिवस तिच्या वेळापत्रकावर चालला. एखादा कार्यक्रम दोन-तीन मिनिटं आधी संपला, की मधली रिकामी जागा भरायला वाद्यसंगीताची तबकडी लागायची. एखाद्या ओळखीच्या सिनेगीताची चाल, शब्द नाहीत, नुसती गिटार. पण ऐकणाऱ्याला शब्द ऐकू यायचे! आबा म्हणायचे, "हे वाजत नाही, गातंय." गोठ्यात धार काढताना ते त्या गिटारबरोबर गुणगुणायचे. ती वाजवणारा कोण हे मात्र क्वचितच कळायचं. वेळ झाली की तबकडी मध्येच बंद, आणि बातम्या सुरू.

आबांचं ते वाक्य मला पुढे फार वर्षांनी उलगडलं, आणि आजचा सगळा लेख खरं तर त्या वाक्याबद्दलच आहे. गिटार 'गाते' म्हणजे काय? कुठलीही गिटार गाते का?

तर नाही. गिटारची दोन घराणी आहेत असं समजा. एक उभी गिटार, आणि दुसरी आडवी.

उभी गिटार म्हणजे मांडीवर तिरपी धरून डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबत वाजवायची ती. तिला आपल्याकडे 'स्पॅनिश' म्हणतात. तिच्या दांडीवर धातूचे पडदे कायमचे ठोकलेले असतात. बोट दाबलं की त्या पडद्याचा सूर निघतो. दोन पडद्यांच्या मधला सूर काढायचा तर तार ताणावी लागते, आणि तीही जेमतेम ताणली जाते. सतारीच्या पडद्यावर तार खेचून चार-पाच सुरांची मींड निघते, तशी इथे निघत नाही. त्या गिटारचं वैभव वेगळंच आहे. एकाच वेळी तीन-चार सूर, एका हातात दोन-दोन चाली.

या गिटारला मैफलीच्या मंचावर मान मिळवून देण्यात सगळ्यात मोठा वाटा आंद्रेस सेगोव्हिया यांचा. जन्म १८९३ चा, दक्षिण स्पेनमधल्या लिनारेसचा. त्यांच्या तरुणपणी गिटार म्हणजे गुत्त्यातलं, नाचाच्या साथीचं वाद्य. सभागृहात पियानो आणि व्हायोलिन. सेगोव्हियांनी मंचावर जाऊन बाख वाजवला. मूळ व्हायोलिनसाठी लिहिलेली बाखची 'चॅकॉन' ही प्रचंड रचना त्यांनी १९३५ साली पॅरिसमध्ये गिटारवर सादर केली, तेव्हा टीकाकारांच्या भुवया उंचावल्या होत्या. पण जे काम मैफलींनी केलं नाही ते तबकड्यांनी केलं. १९२७ साली त्यांनी लंडनमध्ये 'हिज मास्टर्स व्हॉईस'साठी पहिलं ध्वनिमुद्रण केलं. म्हणजे तोच आपल्या ओळखीचा, भोंग्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा! गिटारचा आवाज मुळात लहान. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचायला त्याला कष्ट पडतात. तबकडीत मात्र मागची रांगच नसते. ऐकणाऱ्याच्या कानाशी येऊन बसल्यासारखी ती गिटार घरोघरी पोचली. मग ज्युलियन ब्रीम, जॉन विल्यम्स, नार्सिसो येपेस ही पुढची पिढी तबकड्यांवरच जगप्रसिद्ध झाली. होआकिन रॉद्रिगो या अंध संगीतकाराने १९३९ मध्ये लिहिलेला 'कॉन्सिएर्तो दे अरान्हुएझ' आज जगभर माहीत आहे, तो प्रामुख्याने तबकड्यांमुळे.

हे एवढं सांगायचं कारण असं की आपल्याकडच्या गिटारचीही गोष्ट हुबेहूब हीच आहे. मंचावर संशय, तबकडीवर स्वागत. फक्त ती गिटार दुसरी.

दुसरी म्हणजे आडवी. हिच्या तारा दांडीपासून उंच उचललेल्या असतात, त्यामुळे खालचे पडदे नुसते खुणेपुरते उरतात. गिटार मांडीवर पाटासारखी आडवी ठेवायची, उजव्या हाताने नख्यांनी छेडायची, आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी घेऊन ती तारेवरून सरकवायची. कांडी जिथे असेल तो सूर. मध्ये थांबा नाही, पायरी नाही. गळा जसा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तशी ती जाते. आबांचं 'गातंय' ते हेच.

ही पद्धत प्रसिद्ध झाली हवाई बेटांवरून, म्हणून नाव 'हवाईयन गिटार'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तिथल्या शाळकरी मुलाने ही पद्धत घडवली असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईच्या वाद्यवृंदांनी जगभर दौरे केले. १९४० च्या दशकात टाऊ मो हा वादक आपल्या कुटुंबासह कलकत्त्यात राहिला, तिथे त्याने वाजवलं आणि शिकवलंही. कलकत्त्याने ही गिटार जी उचलली ती आजवर सोडलेली नाही. घरातल्या मुलीला रवींद्रसंगीत आणि हवाईयन गिटार शिकवायची, अशी तिथल्या मध्यमवर्गाची एक रीतच होऊन गेली. मुंबईत व्हॅन शिप्ले आले. मूळचे लखनौचे, व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार दोन्हींत तयार. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स आणि व्हॅन शिप्ले यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या खूप गाजल्या. हजारा सिंग आणि कलकत्त्याचे सुनील गांगुली ही आणखी दोन नावं. विविध भारतीच्या त्या रिकाम्या मिनिटांतली गिटार बहुतेक वेळा यांच्यापैकीच कुणाची तरी असायची. आमच्या घरातल्या निदान दोन पिढ्या या माणसांबरोबर गुणगुणल्या, आणि त्यातलं एकही नाव आबांना सांगता आलं नसतं.

आता थोडं विषयांतर. खरं तर विषयांतर नाहीच. 'परदेशी वाद्य, आपल्या रागाला कसं चालणार' असं जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला आमच्याच मुलखातला एक माणूस आठवतो. हसनाबादहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घरी परत येता येईल एवढ्या अंतरावर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तिथे सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. काम हिशेबाचं, पण लिहिला 'संगीतरत्नाकर'. सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही परंपरा आपला मानतात. त्यातला सहावा अध्याय वाद्यांचा. त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे. एकच तार, पडदे नाहीत, आणि डाव्या हातात बांबूची कांडी घेऊन ती तारेवरून सरकवत वाजवायची. पोलादाऐवजी बांबू, बाकी युक्ती तीच! विचित्र वीणा आणि दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम ही याच युक्तीची पुढची भावंडं. म्हणजे हवाईची गिटार कलकत्त्याच्या बंदरात उतरली तेव्हा ती परक्या घरात आली नव्हती. तिचं गोत्र इथे आधीपासून होतं, फक्त कुणाला आठवत नव्हतं. आणि एक गंमत लक्षात ठेवा: शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरमधून दख्खनमध्ये आले होते. काश्मीर पुढे पुन्हा येणार आहे.

सिनेगीतांच्या पलीकडे या गिटारला नेणारा माणूस म्हणजे ब्रिजभूषण काबरा. जन्म १९३७ चा, जोधपूरचा. घर संगीताचं. वडिलांना सतारीचं अंग, थोरले भाऊ दामोदरलाल काबरा सरोदवादक, उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. अली अकबर खाँ जोधपूर दरबारात होते, त्यामुळे घरात कान तयार होण्याची सोय उत्तम. धाकट्याला मात्र वाद्य शिकण्यात रस नव्हता, तो कलकत्त्याला हवाईयन गिटार ऐकून आला आणि तिच्यावर भाळला. घरच्यांना हे वाद्य म्हणजे थिल्लरपणा वाटला असणार. वडिलांनी अखेर परवानगी दिली ती अटीवर, असं सांगतात: या वाद्यावर शास्त्रीय संगीतच वाजवायचं. मुलाने शब्द दिला आणि तो पाळला. पुढे तोही अली अकबर खाँचा शिष्य झाला.

शब्द पाळायचा म्हणजे नुसतं 'सिनेमाची गाणी वाजवणार नाही' एवढंच नव्हतं. वाद्यच बदलावं लागलं. सहा तारांच्या गिटारवर तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या असतात. काबरांनी त्या षड्जाच्या हिशेबाने लावल्या. झाल्यासाठी चिकारीची सोय केली, मागे सूर धरून ठेवायला जादा तार लावली. उजव्या हाताचे बोल सरोदसारखे. खरी कसोटी डाव्या हाताची. कांडी सरकवणं सोपं आहे, ती थांबवणं अवघड. एक केसभर पुढे गेली की कोमल ऋषभाचा भलताच ऋषभ होतो, कारण आधाराला पडदा नाही. शिवाय कांडी घसरत राहिली की सगळंच वाजणं लाडिक, पाघळल्यासारखं होतं. सिनेगीताला ते खपतं, मालकंसाला नाही. काबरांच्या तबकड्या ऐकताना मला सगळ्यात जास्त आवडतं ते त्यांचं थांबणं. सुरावर आले की ते तिथे राहतात, घाई करत नाहीत, उगाच थरथरवत नाहीत.

आता आपल्या गोष्टीत एक मराठी माणूस येतो. जालन्याहून सिंदखेडराजामार्गे मेहकरला गेलात तर ते ना. घ. देशपांडे यांचं गाव. त्यांची 'शीळ' ही कविता १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यांनी गाऊन तबकडीवर आणली ते जी. एन. जोशी. मराठी भावगीताचा जमाना सुरू झाला तो या तबकडीपासून असं म्हणतात. जोशी विदर्भातले, शिकले वकिली, पण कोर्टात रमले नाहीत. १९३८ मध्ये ते मुंबईत एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी म्हणून गेले आणि पुढे तीसेक वर्षं देशातल्या मोठमोठ्या गवय्यांना, वादकांना मायक्रोफोनसमोर बसवत राहिले. या कामात गाणं कळावं लागतं आणि माणूसही. तीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवायला लावणं, 'यंत्रात आवाज जातो' म्हणून घाबरणाऱ्यांना समजावणं, रुसलेल्या उस्तादांना परत बोलावणं हे सगळं त्यात आलं.

१९५० च्या दशकात लाँग प्ले तबकडी आली आणि चित्र पालटलं. जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, हिच्यावर वीस मिनिटांच्या वर. १९५५ मध्ये अली अकबर खाँची रागसंगीताची लाँग प्ले अमेरिकेत निघाली, ती या प्रकारातली पहिली. आता आलाप घेता येत होता, जोड घेता येत होता. आणि जोशींच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली: वीस वीस मिनिटांच्या दोन बाजू आहेत, तर मग एक सलग कथा का सांगू नये?

त्यातून १९६७ साली निघाली 'कॉल ऑफ द व्हॅली'. कल्पना अगदी साधी. काश्मीरच्या खोऱ्यातला एक मेंढपाळ, त्याचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस. प्रहराप्रमाणे राग: अहीर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तबलजींचं नाव मुद्दाम लिहितोय, कारण बहुतेक जण ते गाळतात.

या तिघांचं त्या वेळचं वय बघा. शर्मा आणि चौरसिया दोघेही १९३८ चे, काबरा १९३७ चे. कुणीही अजून 'पंडित' झालेलं नव्हतं. त्यात बासरीला तरी पन्नालाल घोषांनी मैफलीत जागा करून दिलेली. बाकी दोन्ही वाद्यं जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. संतूरवर आरोप असा, की यात मींड निघत नाही. लाकडी कलमाने तारेवर टोला मारायचा, सूर टिपक्यांसारखे सुटे पडतात, मग राग कसा मांडणार? गिटारवरचा आरोप याच्या बरोबर उलटा. हिच्यात मींडच मींड आहे, आणि शिवाय ती परदेशी.

या दोघांना शेजारी बसवणं यातच जोशींच्या कानाची कमाल आहे, असं माझं मत. संतूर म्हणजे पाण्यावर पडणारे थेंब, गिटार म्हणजे खालून वाहणारं पाणी. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे. संतूरचे सूर विरायच्या आत गिटार त्यांना धरते, आणि गिटार फार पाघळेल असं वाटतं तिथे संतूर ताल दाखवतं. वरून बासरी, म्हणजे मेंढपाळाचा स्वतःचा आवाज. ज्याला रागातलं काही कळत नाही त्यालाही हे कळतं. आमच्या बापूकाकांना रागांची नावं पुढे कळली, तबकडी आधी कळली. तबकडी म्हणजे कॅसेट. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, जालन्याला मीटिंगला गेले की एखादी कॅसेट घेऊन यायचे. ही त्यातलीच एक. घरातल्या सगळ्यांना ती पाठ होती. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडली की टेपरेकॉर्डर उशाशी यायचा. पहाडी लागेपर्यंत जागं राहील तो जिंकला, असा आम्हा पोरांचा खेळ होता. काश्मीर आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी काश्मीरच्या घराण्यातल्या एका माणसाने देवगिरीला बसून वाद्यांवर लिहिलं, आणि तिथून जवळच्याच एका गावात आम्ही काश्मीरची तबकडी ऐकत होतो, हे कुणाला ठाऊक असणार! असो.

तबकडी देशात गाजलीच, परदेशातही गेली. हिप्पींच्या जमान्यात भारतीय संगीताकडे वळलेल्या हजारो लोकांनी रविशंकरांच्या बरोबरीने ही तबकडी घेतली. आजही ती विकत मिळते, इंटरनेटवर एका टिचकीवर ऐकता येते.

आणि आता मूळ मुद्दा.

या तबकडीतल्या तिघांपैकी दोघांची नावं आज शाळकरी मुलालाही माहीत असतात. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया 'शिव-हरी' झाले, 'सिलसिला' (१९८१), 'चांदनी' (१९८९), 'लम्हे' (१९९१), 'डर' (१९९३) अशा सिनेमांना त्यांनी संगीत दिलं. दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. १० मे २०२२ ला शिवकुमारजी गेले तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी दिली, आणि जवळजवळ प्रत्येक लेखात 'कॉल ऑफ द व्हॅली'चा उल्लेख होता. काबरा त्याच्या चार वर्षं आधी, एप्रिल २०१८ मध्ये गेले. मला ते पंधरा दिवसांनी कळलं. घरातल्यांना सांगितलं तर सगळ्यांनी विचारलं, "कोण रे?" ज्या माणसाच्या गिटारबरोबर आम्ही कित्येक उन्हाळे झोपी गेलो, त्याच्याबद्दल हा प्रश्न.

असं का झालं असावं? यावर मी बराच विचार केला. एक कारण उघड आहे. काबरा मुंबईत राहिले नाहीत, अहमदाबादला राहिले. वडिलांना दिलेला शब्द होता, त्यामुळे सिनेमाचा रस्ता बंद. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, शिष्य घडले, जाणकारांत मोठा मान होता. पण सिनेमाशिवाय आपल्याकडे नाव घरोघरी जात नाही हे कडू असलं तरी खरं आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते आहे वाद्याच्या नावाचं. संतूर म्हटलं की शिवकुमार शर्मा. दुसरं नाव तेव्हा डोक्यात येतच नव्हतं, वाद्य आणि माणूस एकच झाले. गिटारचं तसं नाही. गिटार म्हणजे हीरोच्या गळ्यातली, कॉलेजच्या गॅदरिंगमधली, गोव्याच्या चर्चमधली, कलकत्त्याच्या दिवाणखान्यातली, आणि विविध भारतीच्या रिकाम्या मिनिटांतली. काबरांनी वाद्य एवढं बदललं तरी त्याला नवं नाव दिलं नाही. तबकडीवर 'गिटार' एवढंच. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात ते त्या सगळ्या अनामिक गिटारांच्या गर्दीत मिसळून गेले.

पुढच्या पिढीने हे ओळखलं. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा चढवून आपल्या गिटारचं नाव ठेवलं 'मोहनवीणा'. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरची त्यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' १९९३ मध्ये आली आणि तिला १९९४ चं ग्रॅमी मिळालं. काबरांचेच शिष्य असलेले कलकत्त्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनी आपल्या गिटारांना 'चतुरंगी', 'गांधर्वी', 'आनंदी' अशी नावं दिली. बनारसच्या कमला शंकर यांची 'शंकर गिटार' आहे. ही मंडळी थोर आहेत याबद्दल वाद नाही. आणि त्यांनी नावं दिली यात काही गैरही नाही, बारसं केल्याशिवाय पोराला घरात जागा मिळत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. पण ज्याने आधी वाट पाडली तो मात्र पाटी न लावताच पुढे गेला.

मला यात काबरांचा थोडा हट्टही दिसतो, आणि तो आवडतो. जणू ते म्हणत असावेत: गिटार आहे, गिटारच म्हणा. हार्मोनियम परदेशी, तिला आपण 'पेटी' म्हणून भजनात बसवलं. व्हायोलिन परदेशी, दक्षिणेने ते मांडी घालून वाजवलं आणि त्याचं नाव तेच ठेवलं. गिटारला मात्र सोवळ्यात यायचं तर वीणा व्हावं लागतं. काबरांनी ते केलं नाही. हे माझं अनुमान आहे, त्यांनी असं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण त्यांची तबकडी ऐका, आणि मग सांगा त्यात 'मी गिटार आहे' याची लाज कुठे ऐकू येते का.

सेगोव्हियांची आठवण इथे पुन्हा येते. त्यांनीही गिटारला दुसरं काही म्हटलं नाही. पण त्यांच्या तबकड्या जगभर पोचल्या त्या त्यांच्या नावासकट. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात नाव, रेडिओवर निवेदकाच्या तोंडी नाव. आपल्याकडे गिटार लाखो घरांत पोचली, नाव दारातच राहिलं. फरक वादकांत नव्हता, ऐकवण्याच्या आपल्या पद्धतीत होता. 'आता दोन मिनिटं वाद्यसंगीत' म्हणणाऱ्या देशात वाजवणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवणार?

माझ्या भाचीने यंदा गिटारचा क्लास लावला आहे, उभ्या गिटारचा. तिने मला विचारलं, मोठे गिटारिस्ट कोण कोण? मी तिला सेगोव्हिया सांगितले, ब्रीम सांगितले, आणि त्याच दमात काबरा सांगितले. तिन्ही तबकड्या पाठवल्या. तिचं उत्तर आलं ते असं: "मामा, शेवटचे आजोबा गिटारवर गातात." आबा असते तर खूश झाले असते.

आता घरच्यांना एक विनंती, आणि मित्रांनाही. आपल्या घराघरांत जुन्या कॅसेटी असतील, सुटकेसमध्ये नाहीतर माळ्यावर. फेकायच्या आधी एकदा त्यांचे कागद बघा. गायकाचं नाव असतंच. पण आत बारीक अक्षरात वाजवणाऱ्यांची नावं असतात. गिटार कुणाची, सारंगी कुणाची, तबला कुणाचा. ती वहीत लिहून ठेवा, पोरांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. जमलं तर मलाही कळवा, मी यादी करतोय. सुरुवात मी करतो: गिटार, ब्रिजभूषण काबरा. तबला, माणिकराव पोपटकर. पुढची नावं तुमच्याकडून येऊ देत.